सूर्याचा सोमवार

माझ्या मामांना कुणी विचारलं, तुम्ही काय करता, तर ते म्हणायचे, "मोजतो." विचारणारा जरा थांबायचा, पुढे काहीतरी येईल म्हणून. पुढे काही यायचं नाही. मग तोच म्हणायचा, "काय मोजता?" आणि तिथे त्याची चूक व्हायची, कारण त्यानंतर अर्धा तास त्याला हलता यायचं नाही.

गावाच्या कडेला टेकडी, टेकडीवर सपाट छताची एक चौकोनी खोली आणि खोलीला चिकटून उतरत्या पत्र्याचं दोन खोल्यांचं सरकारी घर. घरात मामा-मामी राहायचे आणि चौकोनी खोलीत यंत्र. आत लांब नळ्या, त्यांच्याभोवती शिशाच्या जाड कड्या, आणि सगळ्याला बाहेरून मेणाचं वीतभर आवरण. हे यंत्र वरून येणारे कण मोजायचं. वरून म्हणजे फार वरून. दूर कुठेतरी तारे फुटतात, त्यांचे कण भटकत भटकत आपल्यापर्यंत येतात, आपल्या हवेवर आपटून त्यांचा चुरा होतो, आणि तो चुरा छतांतून, माणसांतून, मामींनी वाळत घातलेल्या चादरींतून खाली पडत राहतो. कुणालाच काही कळत नाही. मामांना कळायचं. मिनिटाला सरासरी चार हजार.

"मग यात सूर्याचं काय?" असं मी लहानपणी विचारलं होतं.

"सूर्य म्हणजे दाराशी बसलेला तापट म्हातारा," मामा म्हणाले. "तो चेतला, अंगावर डाग उठले, की त्याच्यातून वारा सुटतो. साधासुधा वारा नाही, चुंबकत्व घेऊन निघालेला. त्या वाऱ्यात हे दूरचे पाहुणे अडकतात, भरकटतात, बाहेरच्या बाहेर परत जातात. म्हणजे सूर्य चेतला की माझा आकडा उतरतो. म्हातारा पेंगला की पाहुणे बिनधास्त आत येतात, आकडा चढतो. अकरा वर्षांत तो एकदा चेततो, एकदा पेंगतो."

"तुमचं लग्न झालं तेव्हा?"

"पेंगत होता. आकडा सगळ्यात वर."

"म्हणजे कुणी अडवायला नव्हतं," आतून मामी म्हणाल्या.

रोज सकाळी आठ वाजता मामा मुख्य कार्यालयाला फोन करून दोन गोष्टी सांगायचे: आकडा आणि हवेचा दाब. दाब अशासाठी, की हवा जड झाली तरी कण कमी पोचतात आणि ते खापर सूर्यावर फुटता कामा नये. एकतीस वर्षांत एक दिवस चुकला नव्हता. ताप आला तरी नाही, मेहुणीच्या लग्नात नाही, स्वतःचा दात काढला त्या दिवशीही नाही. त्या दिवशी पलीकडच्याला "चार हजार" ऐवजी भलतंच काही ऐकू आलं, तेव्हा मामांनी फोनवर बोटाने टकटक करून आकडा कळवला होता. नोंदवह्या कपाटात ओळीने उभ्या होत्या. एकही रकाना रिकामा नव्हता. मामा त्या वह्यांकडे बघायचे तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मी आईबापांच्या चेहऱ्यावर पाहिलंय, मुलगा पहिला आला की.

गावात त्यांना सगळे मोजणीमामा म्हणायचे. उतारावरच्या न्हाव्याच्या दुकानात शिरले की खुर्चीतला अर्धा फेसाळलेला माणूससुद्धा विचारायचा, "काय मामा, आज किती?" आकडा उतरलेला असला की मामा म्हणायचे, "सूर्य चेतलाय." हे वाक्य गावाने उचललं होतं. नवराबायकोचं भांडण झालं, मास्तरांनी कुणाला झोडपलं, तरी लोक म्हणायचे, आज सूर्य चेतलाय.

यंत्रासोबत एक पुस्तिका आली होती. मामांना ती पाठ होती. तिच्यात बारावं कलम होतं: 'छतावर बर्फ साचू देऊ नये, साचल्यास तत्काळ झाडून काढावा.' आमच्याकडे बर्फ पडत नाही. पण कलम ते कलम. मामा रोज सकाळी साडेसातला लोखंडी जिन्याने छतावर चढायचे आणि जो काही कचरा असेल तो झाडायचे. सुकी पानं, पक्ष्यांची पिसं, एकदा कुणाचा तरी हरवलेला पतंग. बर्फाच्या वाट्याची निष्ठा त्यांनी पानांना दिली होती.

मामींची लढाई वेगळी होती. टेकडीवर नळाला पाणी यायचं आठवड्यातून एकदा, सोमवारी सकाळी. गावातला चावीवाला खांद्यावर हातभर लांब लोखंडी चावी टाकून यायचा, रस्त्याकडेच्या खड्ड्यात उतरून ती फिरवायचा, आणि दोन तास पाणी. त्या दोन तासांत मामी पिंप, बादल्या, पातेली, कळशी, फुलदाणी, सगळं भरून ठेवायच्या. रविवारपर्यंत घरात माणसं तांब्याच्या हिशेबाने तोंड धुवायची. छतावर टाकी हवी, असा अर्ज मामींनी मामांच्या सहीने केला तेव्हा मी बालवाडीत होते. टाकी मंजूर झाली तेव्हा माझं एम.ए.चं पहिलं वर्ष चालू होतं.

टाकी आली तेव्हा प्रश्न उभा राहिला, ठेवायची कुठे. घराचा पत्रा उतरता. सपाट आणि मजबूत छत एकच, यंत्राच्या खोलीचं. मामांनी स्वतः पट्टी लावून मापं घेतली. नळजोडणीवाला म्हणाला, "कोपऱ्यात ठेवू या का? पाइप कमी लागेल."

"छे छे," मामा म्हणाले. "भार सगळ्या भिंतींवर सारखा यायला हवा. बरोबर मधोमध ठेवा."

काळी, ढोलासारखी, माणसाच्या खांद्याएवढी टाकी बरोबर मधोमध बसली. सोमवारी पंप लावायचा, टाकी भरायची, आणि ती पुढचा सोमवार येईपर्यंत पुरवायची. मामींनी बांबूची एक काठी तासून घेतली. रोज संध्याकाळी सहाला त्या छतावर चढायच्या, टाकीचं झाकण उचलून काठी तळाला टेकवायच्या, वर काढून ओली किती झाली ते बोटांनी मोजायच्या. भरलेली टाकी साठ बोटं. रोज साधारण आठ बोटं खर्च. खाली आल्या की स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर आकडा लिहायचा.

"काय काठी घालून बघतेस रोज?" मामा हसायचे. "पाणी काय पळून जातंय?"

"तुम्ही जे मोजता ते दिसतंय का कुणाला?" मामी म्हणायच्या. "माझं निदान ओलं तरी होतं."

मामा सकाळी साडेसातला टाकीच्या सभोवार झाडून काढायचे. गोल, नीट, पान राहू द्यायचे नाहीत.

टाकी बसल्यानंतर दोनेक महिन्यांनी मी सुट्टीत टेकडीवर गेले, तर मामा दारातच उभे. चष्मा कपाळावर, हातात वही.

"तू साहित्याची ना? बस. पत्र लिहायचंय."

"कुणाला?"

"मुख्य कार्यालयाला. मला सूर्यात काहीतरी सापडलंय."

त्यांनी मला आलेख दाखवला. दर सोमवारी सकाळी नऊच्या सुमाराला आकडा एकदम घसरत होता, शंभरामागे चारने. मग मंगळवार, बुधवार, गुरुवार हळूहळू वर चढत रविवारी पूर्वपदावर. पुन्हा सोमवारी धाडकन खाली.

"सूर्याने भडका टाकला की असंच होतं," मामा म्हणाले. "एकदम पडतो, सावकाश उठतो. पुस्तकात अगदी हाच आकार आहे. पण पुस्तकात तो कधीतरी होतो. हा दर आठवड्याला होतोय! सूर्य आपल्याला सत्तावीस दिवसांत स्वतःभोवती एक फेरी मारताना दिसतो. त्याला चार बाजूंनी चार मोठे डाग असतील, तर सात-सात दिवसांनी एकेक डाग आपल्यासमोर येणार. बरोबर?"

मला बरोबर वाटलं. मला त्यांनी काहीही सांगितलं असतं तरी बरोबर वाटलं असतं. मी कागद घेतला आणि लिहिलं: 'दर सोमवारी सूर्य एक दीर्घ निःश्वास सोडतो.'

मामांनी वाचलं. "निःश्वास काढ."

"का?"

"सूर्याला फुप्फुसं नाहीत."

तीन मसुदे झाले. शेवटी जे पत्र गेलं त्यात माझं फक्त 'महोदय' उरलं होतं.

उत्तर यायला पाच-सहा महिने लागले. तोवर गावात बातमी पसरली होती, आणि न्हाव्याने दुकानात जाहीर केलं होतं, "माझी सुट्टी पण सोमवारीच. काय योग आहे बघा!" मामांच्या निवृत्तीला तीन महिने उरले असताना लिफाफा आला. मी तेव्हा पुन्हा सुट्टीत तिथेच होते. मामांनी तो चाकूने कडेने कापला, वाचला, आणि खुर्चीवर बसले.

इतर कुठल्याही केंद्रावर अशी साप्ताहिक घसरण दिसलेली नाही, असं पत्रात होतं. यंत्रात दोष असावा. तपासणीसाठी एक वरिष्ठ शास्त्रज्ञ बाई येत्या सोमवारी सकाळी येतील. दोष आढळल्यास त्या काळातली नोंद रद्द करण्यात येईल.

"रद्द," मामा म्हणाले.

मामी हात पुसत बाहेर आल्या. "किती दिवसांची?"

"आठ महिन्यांची. एकतीस वर्षांत एक रकाना रिकामा नाही. आता जाताना आठ महिन्यांचं भगदाड पाडून जायचं." त्यांनी पत्राची घडी घातली, उलगडली, पुन्हा घातली. "यंत्रात दोष नाहीये. बाकीच्यांनाच दिसत नाही. ते छत झाडत नसतील."

त्या आठवड्यात घरात दोन तयाऱ्या चालल्या होत्या. मामा यंत्राची प्रत्येक जोडणी तपासत होते, आणि मामी पडदे धुवायला काढत होत्या. पाहुण्या बाई येणार आणि घरात रविवारचं तळातलं पाणी? मामींनी चावीवाल्याला गाठलं. तो म्हणाला, वहिनी, तुमच्यासाठी या खेपेला शुक्रवारीच सोडतो, पण मग सोमवारी नाही हं. मामी म्हणाल्या, चालेल. हे त्यांनी मामांना सांगितलं नाही. अठरा वर्षं पाण्याबद्दल सांगून झालं होतं. आता पाणी आलं की झालं.

शुक्रवारी दुपारी मामा यंत्राच्या खोलीतून बाहेर आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता.

"घसरला," ते म्हणाले.

"कोण?" मामी.

"आकडा! आज शुक्रवार. सूर्याने वेळ मोडली."

"तुमच्या वेळापत्रकात इतके दिवस टिकला हेच नवल," मामी म्हणाल्या आणि पडद्यांची बादली उचलून गेल्या.

सोमवारी सकाळी सातला मॅडम आल्या. पन्नाशीच्या आत-बाहेरच्या, पाठीवर पिशवी, पायांत मळलेले बूट. मला वाटलं होतं कुणी कडक बाई असेल, पण टेकडी चढून धापा टाकत त्या पहिलं वाक्य बोलल्या ते, "मामा ना तुम्ही? खाली न्हाव्याने रस्ता दाखवला आणि आजचा आकडाही विचारून ठेवलाय."

त्यांनी दोन तास यंत्र तपासलं. नळ्या, तारा, विजेचा दाब, हवेचा दाब. मामा मागे हात बांधून उभे होते, परीक्षेला मूल बसलेल्या बापासारखे. शेवटी मॅडमनी पेन खाली ठेवलं.

"यंत्र ठणठणीत आहे. इतकं नीट ठेवलेलं यंत्र मी दुसरीकडे पाहिलं नाही."

मामांनी श्वास सोडला.

"पण एक गोष्ट खटकते. सत्तावीसचे चार भाग केले तर पावणेसात होतात, सात नाही. म्हणजे सूर्यामुळे असेल तर ही घसरण दर आठवड्याला सहा तास अलीकडे सरकायला हवी. आठ महिन्यांत ती रविवार, शनिवार करत अख्खा आठवडा फिरून आली असती. तुमची मात्र सोमवारी नऊच्या ठोक्याला हजर. मामा, सूर्याला सोमवार कुठला माहीत?"

"शिस्तीचा आहे," मामा पुटपुटले. मग त्यांनाच ते पटलं नाही.

नऊ वाजायला आले. तिघं यंत्राच्या आकडे दाखवणाऱ्या पडद्यासमोर बसलो. नऊ. सव्वानऊ. साडेनऊ. आकडा रेषेवरून ढळला नाही. शुक्रवारी पडला होता, तिथून निमूटपणे वर चढत होता. मॅडमचा फोन वाजला आणि त्या बोलायला बाहेर गेल्या.

मामी चहा घेऊन आत आल्या. "काय झालं? सगळे असे काय बसलाय? कुणाची वाट बघताय?"

"सूर्याची," मामा म्हणाले.

"तो मघाशीच उगवला की."

"अगं, सोमवारी नऊला तो काहीतरी करतो. आज करत नाहीये."

"सोमवारी नऊला तर पाणी येतं," मामी म्हणाल्या. "या खेपेला मी शुक्रवारीच सोडवून घेतलं. पाहुणे यायचे म्हणून."

मामांनी कप उचलला होता. तो तसाच हवेत राहिला. त्यांनी मामींकडे पाहिलं, मग आलेखाकडे, मग हळूहळू मान वर करून छताकडे. मलाही तेव्हाच कळलं, आणि वाटलं, मला कळलं नसतं तर बरं झालं असतं.

मॅडम परत आल्या. दारातच उभं राहून म्हणाल्या, "मामा, मी ठरवलं. यंत्रात दोष नाही, कारण सापडत नाही. एकतीस वर्षांची सलग नोंद माझ्या हाताने तोडायची नाही मला. शेरा मारते: 'कारण अज्ञात'. नोंद राहील. तुम्ही शांतपणे निवृत्त व्हा."

मामांनी नुसतं हो म्हटलं असतं तरी चाललं असतं. मान हलवली असती तरी. वह्या कपाटात ओळीने उभ्याच्या उभ्या राहिल्या असत्या.

मामांनी कप खाली ठेवला. "मॅडम," ते म्हणाले, "जिना जरा डुगडुगतो. सांभाळून या."

छतावर ऊन पसरलं होतं. मधोमध काळी टाकी, तिच्याभोवती झाडून लख्ख केलेलं वर्तुळ, एक पान नाही. मामा टाकीपाशी उभे राहिले आणि शाळेतल्यासारखे पाठ म्हणू लागले, "कलम बारा. छतावर बर्फ साचू देऊ नये. साचल्यास तत्काळ झाडून काढावा."

मॅडमनी टाकीचं झाकण उचलून आत पाहिलं.

"बर्फ म्हणजे काय? पाणीच," मामा म्हणाले. "यंत्राभोवतीचं मेण कणांची गती मोडतं, तेच पाणी करतं. मला ठाऊक होतं. एकतीस वर्षं ठाऊक होतं. मी बर्फ झाडत होतो, मॅडम. पाण्याच्या भोवतीने." त्यांनी टाकीवर हात ठेवला. "सोमवारी भरते, आकडा पडतो. आठवडाभर उपसते, आकडा चढतो. कोपऱ्यात ठेवू म्हणत होता तो. मीच म्हटलं, मधोमध."

मॅडमचा चेहरा आधी गंभीर राहिला, मग तोंडाचा एक कोपरा हलला, मग त्यांना टाकीला धरून उभं राहावं लागलं, इतक्या हसल्या. मामा हसले नाहीत. मॅडमनी डोळे पुसले आणि म्हणाल्या, "माफ करा. म्हणजे हा सूर्य नाही, तुमच्या घरचं धुणं आहे."

"हो."

"आता मला 'कारण अज्ञात' लिहिता येणार नाही."

"नाही," मामा म्हणाले. "म्हणून तर सांगितलं."

आधी खात्री करून घ्यायला हवी होती. टाकी रिकामी करत न्यायची आणि आकडा चढतो का बघायचं, असं ठरलं. हे ऐकून मामी खालून ओरडल्या, "अख्खं पाणी? सोमवारपर्यंत काय करू मी?"

"अगं, विज्ञान आहे."

"विज्ञानाने भांडी घासून दाखवा!"

शेवटी तह झाला: एक थेंब वाया जाणार नाही. मामी काठी घेऊन वर उभ्या राहिल्या, मी तोटीशी, मामा आणि मॅडम आत यंत्रापाशी. दहा बोटं पाणी सोडायचं, तोटी बंद करायची, अर्धा तास मोजायचं, पुन्हा दहा बोटं. उतारावरच्या घरांतून बायका बादल्या घेऊन आल्या. न्हाव्याची सुट्टी होती, तोही दोन घागरी घेऊन आला आणि रांगेतून ओरडला, "मामा, आज सूर्य सांडलाय का?"

"तीस!" मामी छतावरून ओरडायच्या.

"वाढला!" आतून मामा.

"वीस!"

"वाढला! वाढला!"

दुपार कलेपर्यंत टाकी कोरडी पडली आणि आकडा आठ महिन्यांपूर्वीच्या जागी जाऊन उभा राहिला. एका बोटाला साधारण अडीच-पावणेतीन कण. अर्धं गाव भरलेल्या बादल्या घेऊन घरी गेलं. मामा मात्र नोंदवही उघडून बसले, टोपण उघडलेलं पेन हातात धरून. पहिल्या सोमवारच्या रकान्यावर रेघ मारायची होती आणि पेन खाली टेकत नव्हतं.

"मीच मारतो," ते मॅडमना म्हणाले. "तुम्ही नका मारू."

मॅडम खिडकीतून बाहेर बघत होत्या. "वाईट वाटतं," त्या म्हणाल्या. "कुठल्या दिवशी टाकीत किती पाणी होतं हे कळलं असतं ना, तर तेवढं वजा करता आलं असतं. हवेच्या दाबाचं करतो तसंच. पण ते कोण लिहून ठेवणार?"

मी मामींकडे पाहिलं. मामी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, काठी अजून हातात. त्या आत गेल्या आणि खिळ्यावरून कॅलेंडर काढून घेऊन आल्या. गेल्या वर्षीचंही, कारण मागच्या कोऱ्या बाजूवर त्या याद्या लिहायच्या. दोन्ही टेबलावर ठेवली.

प्रत्येक तारखेच्या चौकोनात एक आकडा. साठ. बावन्न. चव्वेचाळीस. पस्तीस, आणि बाजूला बारीक अक्षरात 'चादरी'. पुढे 'नणंद आली, दोन दिवस'. एके ठिकाणी 'ह्यांनी तोटी उघडी टाकली, सात बोटं'. पहिल्या सोमवारपासून कालच्या रविवारपर्यंत एकही चौकोन रिकामा नव्हता.

मामा कॅलेंडरवर वाकले.

"रोज सहालाच मोजायचीस?" त्यांनी विचारलं.

"मग? कधी दुपारी, कधी संध्याकाळी मोजून कसं चालेल?" मामी म्हणाल्या. "तुलना कशी करणार?"

मॅडमनी खुर्ची पुढे ओढली. "वहिनी, तुम्ही बसा इथे. वाचून दाखवा."

मामी वाचत गेल्या, मामा बोटांचे कण करत गेले, मॅडम ते आलेखात मिळवत गेल्या. एकेक सोमवार सपाट होत होता. मामांनी जिला सूर्याची शिस्त म्हटलं होतं तिचे करवतीसारखे दात एकेक करून पडत होते, आणि प्रत्येक दात पडला की मामांच्या खांद्यावरचं काहीतरी उतरताना दिसत होतं. संध्याकाळी आलेखाची रेषा टेबलासारखी सरळ झाली.

एक खड्डा सोडून.

तो सोमवारी नव्हता. चौथ्या महिन्यातल्या एका बुधवारी आकडा खाली गेला होता आणि चार दिवसांनी वर आला होता. नोंदवहीत मामांनी समासात प्रश्नचिन्ह काढून लिहिलं होतं, 'बहुधा खिडकी उघडी राहिली.'

"त्या दिवशी किती?" मॅडमनी विचारलं.

मामींनी बोट ठेवलं. "बेचाळीस. काही धुतलं नव्हतं. कुणी आलं नव्हतं."

मॅडमनी पिशवीतून इतर केंद्रांचे कागद काढले, चाळले, एक बाहेर ओढून शेजारी ठेवला. त्याच बुधवारी, त्याच दुपारी, दूरदूरच्या सगळ्या केंद्रांवर तोच खड्डा होता.

"हा खरा," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी सूर्य चेतला होता."

मामांनी नोंदवही जवळ ओढली. समासातलं वाक्य वाचलं. "आठ महिन्यांत म्हातारा एकदाच खरोखर खेकसला," ते म्हणाले, "आणि मी उठून खिडकी लावली." मग मात्र ते हसले, इतका वेळ दाबून ठेवल्यासारखे, आणि हसता हसता पेनचं टोपण लावलं. कुठलीच रेघ मारायची उरली नव्हती.

टाकी कोपऱ्यात नव्हे, तर खोलीपासूनच दूर हलवावी, असा अर्ज दुसऱ्याच दिवशी गेला. या वेळी मसुद्यात माझं 'महोदय'ही टिकलं नाही. मॅडमनीच सही केली. पण टाकी यायला अठरा वर्षं लागली होती, ती जायलाही काही काळ लागणारच. तोवर नोंदवहीत दाबाच्या शेजारी एक नवा रकाना आखला गेला: 'पाणी, बोटे'. त्यासाठी काठी आता सकाळीही एकदा टाकीत जायची.

मामांच्या निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यात मी टेकडीवर होते. आठ वाजता मामांनी फोन लावला. आकडा सांगितला, हवेचा दाब सांगितला, आणि फोन मामींच्या हातात दिला. मामींनी ओला हात पुसला आणि घसा साफ केला.

"एक्केचाळीस बोटं," त्या म्हणाल्या.

पलीकडच्याने काहीतरी विचारलं असावं, कारण मामींच्या भुवया वर गेल्या.

"अंदाज कसला?" त्या म्हणाल्या. "मोजलंय."